भुंग्याचे आकडे

शाळेमागच्या मैदानावर लहान मुलांना पळायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीमावशी म्हणतात. गळ्यात शिट्टी कायम, पण ती वाजवताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. "शिट्टीला कुत्रं येतं, पोरं टाळीला येतात," असं त्यांचं म्हणणं. पन्नाशीच्या आहेत, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधतात, आणि बावीस वर्षं पाच ते आठ वयाची पोरं सांभाळतायत. दर दुसऱ्या शनिवारी त्यांच्याकडे चाचणी असते. रेषेमागे चटईवर पालथं झोपायचं, टाळी वाजली की उठायचं, प्लास्टिकच्या पाच कोनांमधून नागमोडी पळायचं, शेवटच्याला हात लावून सरळ परत यायचं. ह्याला पोरं उठपळ म्हणतात. प्रत्येकाचं एक कार्ड. एकाचं कार्ड दुसऱ्याला दाखवायचं नाही आणि आईबापांना तर सहा महिने दाखवायचंच नाही, कारण मावशींच्या मते पोराची शर्यत त्याच्या स्वतःशी असते, पण आईबापांची शेजाऱ्याशी.

घड्याळ मात्र कुणा पालकानेच धरायचं, कारण मावशींना पोरांच्या पावलांवर लक्ष ठेवायचं असतं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तेव्हा सगळे चपळाईने मागे सरकले. बँकेत काम करणारी एक आई म्हणाली, "मला नको बाई, मी दिवसभर आकडेच बघते." लांब्या नावाच्या पोराचे बाबा फोनवर होते, म्हणजे त्यांनी फोन कानाला लावला. मी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, बिचारी मदतीला पुढे झाली.

खरं असं होतं की भुंग्याला मी पळणारा करायला तिथे घातलंच नव्हतं. तिथे दर पंधरा दिवसांनी कुणीतरी मोजतं, म्हणून घातलं होतं.

भुंगा म्हणजे माझा मुलगा. सहा वर्षं आणि दोन महिने. पळताना तोंडाने गुणगुणतो म्हणून मैदानावर पडलेलं नाव, ते घरीही चिकटलं. आता त्याच्या बाबाला त्याचं खरं नाव शाळेचा फॉर्म भरतानाच आठवतं.

आणि आता हे सांगायलाच हवं, की मला एक भाऊ होता. दादा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. सहाव्या वर्षापर्यंत घर डोक्यावर घेणारा. मग शाळेत शर्यतीत शेवटचा यायला लागला. बाबा म्हणायचे आळशी आहे, आई म्हणायची बूट लागतायत, आणि त्याला तीन महिन्यांत दोनदा नवे बूट आणले. जमिनीवर बसला की उठताना तो आधी हातापायांवर यायचा, मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, मग दोन्ही हात मांड्यांवरून वर सरकवत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत, उभा राहायचा. आम्हाला ती त्याची लकब वाटायची. मी नक्कल करायचे आणि तो पोट धरून हसायचा. त्याच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या होत्या. पाहुणे चिमटा काढून म्हणायचे, पैलवान आहे हो.

स्नायू झिजण्याचा आजार. पोटऱ्या फुगतात त्याही त्यानेच. आईकडून मुलाकडे येतो. मुली बहुतेक सुटतात, पण त्यांतल्या काही जणी तो पुढे नेतात. डॉक्टरांनी आईला हे सांगितलं तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढउतर करत होते. दादा बाराव्या वर्षी चाकाच्या खुर्चीत बसला. एकोणिसाव्या वर्षी त्याची छाती भरली आणि तो गेला.

माझं लग्न ठरताना आई म्हणाली, "न्यूमोनियाने गेला म्हणून सांग. खोटं नाही ते."

खोटं नव्हतंच.

भुंगा जन्मला त्या दिवशी एक थेंब रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. मी नाही तपासलं. त्याला पाजताना त्याचे तळवे हातात धरून मी रोज ठरवायचे की उद्या डॉक्टरांना विचारू, आणि रोज तो इतका गोड जांभई द्यायचा की उद्या परवावर जायचा. कळत नाही तोवर तो बरा आहे, अशी मी माझी समजूत घातली. सहा वर्षं ती समजूत पुरली.

मैदानावरच्या पहिल्या चाचणीत भुंग्याला नऊ पॉइंट सात सेकंद लागले, दुसऱ्यांदा नऊ पॉइंट सहा. वेळांच्या कागदावर ते मीच लिहिले. घरी येताना मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्याबरोबर उड्या मारत आले आणि एका म्हाताऱ्यांनी आम्हाला वाट करून दिली. तिसऱ्या चाचणीत तो तिसऱ्या कोनाशी घसरून पडला. पडला त्याचं काही नाही, पोरं पडतातच. पण उठताना त्याने हात गुडघ्यावर ठेवला. एकच हात, एकच क्षण. मग तो गुणगुणत पुढे गेला.

मी तिथेच होते, घड्याळ हातात. पण त्या क्षणापासून मला भुंगा दिसेनासा झाला आणि फक्त त्याचे पाय दिसायला लागले.

चौथ्या चाचणीत नऊ पॉइंट आठ. पाचव्या चाचणीत दहा पॉइंट एक. सहाव्यात दहा पॉइंट चार. बाकीची पोरं दर वेळी थोडी थोडी पुढे सरकत होती. चष्मिस नावाची एक मुलगी, जी सुरुवातीला कोनाला वळसा घालायच्या ऐवजी कोन उचलून बाजूला ठेवायची, तीसुद्धा सेकंदभराने सुधारली. माझाच तेवढा मागे चालला होता. मी दहा पॉइंट चार लिहिलं, पुढच्या मुलाला "ये रे" म्हटलं, आणि माझ्या पोटात जो गोळा आला तो पुढचे पंधरा दिवस तिथेच बसून राहिला.

घरी मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, झिपा बदलणं, कमरेला सैल करून देणं. टेप गळ्यात असतेच. आंघोळीनंतर त्याला टॉवेलात गुंडाळून मी त्याच्या पोटरीभोवती टेप धरायचे. डावी बावीस. उजवी बावीस, की साडेबावीस? टेप जरा आवळली की बावीस, सोडली की तेवीस. स्वतःच्याच हातावरचा विश्वास उडाला होता.

"आई, पुन्हा पॅन्ट?" तो म्हणायचा. "माझ्याकडे पाच आहेत."

"सहावी शिवते."

"मग खिशाची शिव. दगडांसाठी."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हा त्याच्या कंपनीतला जुना विनोद आहे. मला ते जिने बरे वाटायला लागले, कारण जिन्यावर कळतं. मी भुंग्याच्या मागून चढायचे आणि मोजायचे, कठडा किती वेळा धरला. अकरा. नऊ. एकदा चौदा, पण त्या दिवशी त्याच्या हातात गोगलगाय होती आणि तो तिला कठडा दाखवत होता. ती चौदा धरायची की नाही, ह्यावर मी अख्खी दुपार घालवली आणि एका गणवेशाची बाही उलटी लावली.

दहा पॉइंट चारनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी आईचा फोन आला. भुंगा शाळेत होता. मी मशीन थांबवलं.

"आवाज का असा तुझा?" आई म्हणाली.

"काही नाही गं. शिवत होते."

"जेवलीस?"

"जेवते आता."

"पोरगं पळायला जातं ना अजून?"

"जातं."

मग तिने विचारलं, अगदी आज भाजी काय केलीस असं विचारावं त्या आवाजात, "खाली बसला की उठताना हात कुठे ठेवतो गं?"

मी सुईखालचा कपडा काढून घेतला.

"तू का विचारतेस?"

"सहज."

"आई. किती दिवस बघतेयस तू?"

"चालायला लागला तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी बोललीस?"

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, ती तिने मोजली असावी, कारण ती पुटपुटली, "दोन."

"डॉक्टरकडे नेऊ का त्याला?" मी विचारलं.

"नेलं की कळतं," आई म्हणाली. "मी नेलं होतं."

पुढच्या शनिवारी सातवी चाचणी होती. सकाळी मी भुंग्याच्या बुटांची नाडी बांधत होते. तो वरून माझ्या केसांत फुंकर घालत होता. मी मनाशी ठरवलं होतं की आज दहाच्या आत आला तर काही नाही, आणि दहा पॉइंट पाचच्या वर गेला तर सोमवारी डॉक्टर. अशी अट घातली की माणूस जरा शांत होतं असं मी ऐकलं होतं. नाही होत.

मैदानावर बारा पोरं आली होती. भुंग्याचा नंबर सातवा. पहिल्या सहांना मी नेहमीसारखी वेळ लावली. मग तो चटईवर पालथा झोपला, गाल मातीकडे करून माझ्याकडे बघून हसला. टाळी वाजली. मी बटण दाबलं. उठला. हात? हात चटईवर होते, गुडघ्यावर नव्हते, की होते? पहिला कोन, दुसरा. डावा पाय जरा आत पडतो का? तिसरा. टाचा टेकतायत ना? चौथा. दादा शेवटी शेवटी चवड्यांवर चालायचा. पाचवा, हात लावला, वळला, आला, आला, गुणगुणत माझ्या बाजूने गेला, मी बटण दाबलं.

दहा पॉइंट सहा.

उरलेल्या पाच पोरांच्या वेळा मी कशा लिहिल्या मला ठाऊक नाही. लिहिल्या खऱ्या. संपल्यावर शिट्टीमावशींनी माझा कागद घेतला, स्वतःच्या खिशातून दुसरा काढला आणि म्हणाल्या, "तू जरा सामानाच्या खोलीत ये."

त्या खोलीत चटया, दोऱ्यांच्या शिड्या आणि कोनांचे मनोरे असतात. मावशी चटयांच्या ढिगावर बसल्या आणि गुडघ्याचा पट्टा सैल केला.

"दर सहामाहीला एकदा मी घड्याळ धरणाऱ्याची परीक्षा घेते," त्या म्हणाल्या. "सांगून घेत नाही. पोरांना तू मोजतेस, तुला मी. रेषेच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून मीही आज सगळ्यांना वेळ लावली."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"अकरा पोरांत तुझ्यामाझ्यात एखाद्या दशांशाचा फरक. हात चांगला आहे तुझा. आता हे बघ."

भुंग्यासमोर माझ्या कागदावर दहा पॉइंट सहा होतं. त्यांच्या कागदावर नऊ पॉइंट आठ.

"बाकीच्या आया आपल्या पोराला दोन दशांश चोरून देतात," मावशी म्हणाल्या. "ते मी धरूनच चालते. बापाच्या हातात घड्याळ असेल तर तीन. पण स्वतःच्या पोराचे आठ दशांश काढून घेणारी आई मी बावीस वर्षांत पाहिली नाही. काय वैर आहे गं पोराशी?"

त्या थट्टेने म्हणाल्या. मला मात्र रडू फुटलं. उभ्यानेच. त्यांनी मला रडू दिलं. मधे एकदा दारात डोकावलेल्या लांब्याला "चल, बाहेर, कोन गोळा कर" म्हणून पिटाळलं.

"मी रेषेकडे बघतच नाही," मी शेवटी म्हणाले. "बाकीच्यांच्या वेळी बघते. तो आला की त्याच्या पायांकडे बघते. तो रेषा पार करून जातो आणि मला बटणाची आठवण नंतर होते."

"पायांत काय आहे?"

मग मी सांगितलं. दादा, पोटऱ्या, बूट, न्यूमोनिया, सगळं. आईशिवाय कुणाशी मी ह्या विषयावर कधी बोलले नव्हते आणि आईशीही मंगळवारी पहिल्यांदा. बोलताना माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. मावशींच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू पुसली गेली.

सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, "म्हणजे तो हळू होत नाहीये ना? माझ्या हातानेच आकडा वाढत होता. मला भीती वाटली म्हणून मी पाय बघितले, पाय बघितले म्हणून आकडा वाढला, आकडा वाढला म्हणून आणखी भीती. एवढंच आहे ना, मावशी?"

मला त्यांच्याकडून फक्त एक हो हवं होतं. त्यांनी दिलं नाही.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्याचे मागचे आकडे भुंग्याचे नाहीत, तुझे आहेत. ते मी फाडून टाकणार. खरा आकडा आजचा एकटा, आणि एका आकड्यावरून कुणी पुढे जातंय की मागे, हे कळत नाही. पोरगं वळतं छान. उठताना कधी कधी हात टेकतं, हे मी पाहिलंय. ह्या वयाची निम्मी पोरं टेकतात. तुझं त्या निम्म्यांतलं आहे की दुसरं काही, हे ह्या घड्याळातून दिसत नाही. चटई आणि पाच कोन आहेत गं माझ्याकडे. तू त्यांना डॉक्टर करून बसलीस."

त्यांनी हात पुढे केला. मी घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं.

"सोमवारी डॉक्टरकडे जा," त्या म्हणाल्या. "आणि आज घरी बोल. जे ओझं दोघांनी उचलायचं ते एकटीने उचललं की पाठ मोडते. माझा गुडघा असाच गेला, चटया उचलून."

नवरा दुपारी कामावरून आला आणि मोरीत हाताचं ग्रीस धूत होता. भुंगा बाहेरच्या खोलीत खोक्याचं काहीतरी करत होता. मी मोरीच्या दारात उभी राहून सांगितलं, एका दमात, त्याच्या पाठीला. पाण्याचा आवाज चालू होता. मधेच त्याने नळ बंद केला, पण वळला नाही.

"म्हणजे न्यूमोनिया नव्हता."

"होता. शेवटी तोच होता."

"आणि ती टेप. मला वाटायचं, तू हौसेने त्याला कपडे शिवतेस."

मी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली.

"मी दिवसभर लोकांना काय सांगतो माहितीये?" तो म्हणाला. "लिफ्टमधून कसलाही आवाज आला की लगेच फोन करा. अडकल्यावर करू नका. आणि माझ्या घरात सहा वर्षं आवाज येतोय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हात पुसले, बाहेर जाऊन भुंग्याजवळ जमिनीवर बसला, आणि थोड्या वेळाने अगदी सहज म्हणाला, "भुंग्या, तो पाना आण रे, कपाटाखालचा." भुंगा उठला. मी नवऱ्याकडे बघितलं. तो भुंग्याच्या हातांकडे बघत होता. मला दिसलं, आता तोही आला इकडे, माझ्या बाजूला. आणि त्या क्षणी मला ते त्याच्यावर कधीच यायला नको होतं असं वाटलं.

दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. सोमवारी मात्र सुट्टी टाकून बरोबर आला.

मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भुंग्याला जमिनीवर निजवलं आणि म्हणाल्या, "उठून दाखव बघू."

"किती सेकंदांत?" भुंग्याने विचारलं.

"तुला हवं तितक्यात."

"असं नसतं," तो म्हणाला, आणि उठला. आम्ही दोघं खुर्च्यांवर अगदी पुढे सरकून बसलो होतो. मला काही कळलं नाही. मी इतक्या वेळा बघितलं होतं की उठणं म्हणजे काय, हेच मला आता दिसत नव्हतं.

"मला तरी ठीक वाटतंय," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या घरातली गोष्ट ऐकल्यावर वाटण्यावर सोडायचं नाही. रक्त तपासू. स्नायू झिजत असतील तर त्यांतलं एक द्रव्य रक्तात उतरतं, ते मोजता येतं. फक्त एक आहे, पळण्या-उड्या मारण्यानेही ते वाढतं. तेव्हा पाच दिवस ह्याला पळू देऊ नका. शनिवारी सकाळी रक्त द्या. तुमची स्वतःची तपासणी नंतर बघू."

पाच दिवस भुंगा म्हणजे बाटलीत घातलेला भुंगा. शाळेत चिठ्ठी दिली. जिन्यावरून त्याचा बाबा किंवा मी उचलून आणायचो, तीन मजले, आणि तो खांद्यावरून शेजाऱ्यांना सांगायचा, "मला पळायची बंदी आहे. मी काही केलेलं नाही." तो उचलला जात असताना त्याचे पाय माझ्या पोटाशी लोंबकळायचे. दादाला आई असंच उचलायची, नंतर बाबा, नंतर दोघं मिळून. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मला वाटायचं, ही तालीम आहे. आपण शिकतोय. पुढे हेच करायचंय. मग मी त्याच्या मानेत नाक खुपसायचे आणि तो म्हणायचा, "आई, गुदगुल्या."

गुरुवारी दुपारी त्याने कागदावर पाच कोन काढले आणि दोन बोटं त्यांच्यामधून पळवायला लागला.

"बोटं पळाली तर चालतं का?"

"चालतं."

"मग वेळ लाव."

माझ्याकडे घड्याळ नव्हतं. असतं तरी मी लावलं नसतं. मी त्याच्या शेजारी पोटावर पडले आणि माझी दोन बोटं त्याच्या बोटांमागे पळवली. तो गुणगुणत होता. त्याच्या कानामागे पेनाची रेघ होती. एवढ्या जवळून, पायांशिवायचा, मी त्याला कितीतरी महिन्यांनी बघत होते.

शनिवारी रक्त दिलं. बंदी मात्र आम्ही उठवली नाही. सोमवारी दुपारी रिपोर्ट मिळणार होता. आम्ही तिघंही गेलो, कारण भुंग्याला कुठे ठेवावं हे दोघांनाही सुचलं नाही. खिडकीतल्या मुलीने लिफाफा दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. नवऱ्याने तो उघडला नाही, माझ्याकडे दिला. मी उघडला नाही, त्याच्याकडे दिला. मागच्या बाई म्हणाल्या, "ताई, जरा बाजूला होता का?" मग पायरीवर बसून त्याने फाडला.

एकशे बारा. शेजारी कंसात, किती असावं ते छापलेलं. एकशे बारा त्याच्या आत बसत होतं.

नवऱ्याने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आकडा वाचला. दोनदा वाचला. मग ऐकत राहिला. त्याचा अंगठा कागदाच्या कडेवर मागेपुढे फिरत होता. "तो आजार असता तर हजारांत आला असता, म्हणतात," तो मला म्हणाला. "नाही त्याला." आणि मग परत, माझ्याकडे न बघता, "नाही त्याला." त्याने भुंग्याला ओढून मांडीवर घेतलं आणि त्याच्या टाळूवर हनुवटी टेकवून बसून राहिला. भुंगा म्हणाला, "बाबा, तुझी दाढी टोचते." तो हलला नाही.

मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर पोटातला गोळा विरघळेल. तो तसाच होता. त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

मी आईला फोन केला.

"नाही त्याला," मी म्हणाले. "आई, भुंग्याला नाहीये ते."

पलीकडे तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"आई?"

"आकडा किती आला?"

"एकशे बारा."

"नीट वाचलास ना?"

"दोघांनी वाचला. डॉक्टरांनाही सांगितला."

"एकशे बारा," आई म्हणाली. "दादाचा चौदा हजार सहाशे होता. मला काय कळत होतं तेव्हा. मी डॉक्टरांना म्हटलं, एवढा आला म्हणजे चांगलाच आला ना हो?"

सव्वीस वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नसावं. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला, एवढंच केलं. ती रडत नव्हती. बसायला काहीतरी ओढून घेत असावी, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दे त्याच्याकडे," ती म्हणाली.

मी फोन भुंग्याच्या कानाला लावला. आजीचा आवाज मला बारीक ऐकू येत होता.

"काय करतोस रे?"

"बसलोय. बाबाने धरून ठेवलंय. आठ दिवस झाले, पळू देत नाहीत."

"संपली बंदी. आजीने सांगितलं म्हणून सांग."

भुंग्याने आमच्याकडे बघितलं. नवऱ्याने हात सोडले. भुंग्याने फोन माझ्या मांडीवर टाकला आणि मी उचलेपर्यंत तो पायऱ्या उतरून फाटकाकडे निघालाही होता.

"गेला का?" आईने विचारलं.

"गेला."

"अगं मग मागे जा ना त्याच्या," ती म्हणाली. "रस्त्यावर गाड्या असतील."